ऑफिसात काही नवीन आणताय? आधी बघा कोणाचं काय जातंय

नवीन सॉफ्टवेअर येतं, किंवा दोन डिपार्टमेंट एकत्र करायचं ठरतं, किंवा रिपोर्टिंगची पद्धत बदलते. मेल जातो, ट्रेनिंग होतं, वरचे साहेब येऊन पाच मिनिटं बोलतात, सगळे टाळ्या वाजवतात. काही महिन्यांनी बघावं तर अर्धी टीम जुन्याच एक्सेलवर, नव्या सिस्टिममधे फक्त दाखवण्यापुरत्या नोंदी, आणि मॅनेजर म्हणतोय "आपल्या लोकांना बदल नकोच असतो". हे वाक्य मला अजिबात पटत नाही. हीच माणसं नवा फोन घेतात, नोकऱ्या बदलतात, घर बदलतात. त्यांचा राग असतो तो त्या बदलापायी हातातून जे जाणार त्याच्यावर, आणि ते काय आहे हे त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

आधी एक गोष्ट बाजूला काढून टाकू. चेंज मॅनेजमेंटच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमधे एक स्लाइड असते, की ७० टक्के बदल फसतात. हा आकडा बहुतेक करून व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या मायकल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांच्या १९९३ च्या लिखाणावरून आला, आणि त्यांनी स्वतःच तो शास्त्रीय नसलेला अंदाज म्हणून दिला होता, तोही ५० ते ७० असा आणि फक्त रीइंजिनिअरिंगबद्दल, म्हणजे कामाची पद्धत मुळापासून नव्याने आखण्याबद्दल. २०११ मधे मार्क ह्यूज नावाच्या अभ्यासकाने हा आकडा कुठून कुठून आला ते तपासलं तर त्याला भक्कम पुरावा कुठेच सापडला नाही. तेव्हा या स्लाइडने घाबरू नका आणि टीमलाही घाबरवू नका.

खाली जे लिहितोय ते समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो: ग्राहकांच्या तक्रारी सांभाळणारी एक टीम, जी आत्तापर्यंत फोन, व्हॉट्सअ‍ॅप आणि आपापल्या एक्सेलवर चालते, तिला सगळ्यांना दिसणाऱ्या तिकीट सिस्टिमवर आणायचंय (तिकीट म्हणजे सिस्टिममधे प्रत्येक तक्रारीची केलेली वेगळी नोंद). तुमचा बदल वेगळा असेल पण घोडं साधारण याच ठिकाणी अडतं.

१. बदल एका वाक्यात लिहा, आणि त्यात कोण काय करणार ते असू द्या

"आपण डिजिटल होतोय", "कस्टमर फर्स्ट कल्चर आणतोय" असली वाक्यं भिंतीवर लावायला ठीक आहेत, पण सोमवारी सकाळी ऑफिसात येऊन माणसाने नेमकं वेगळं काय करायचं ते त्यातून कळत नाही. त्यापेक्षा असं लिहा: "एक तारखेपासून कुठलीही तक्रार आली, फोनवर आली तरी, तर ज्याने ऐकली त्याने आधी तिकीट उघडायचं आणि मग उत्तर शोधायचं." हे वाक्य लिहिता येत नसेल तर बदल अजून तुमच्याच डोक्यात स्पष्ट नाही, अशा वेळी घोषणा करू नका.

दुसरं, का करतोय ते खरं सांगायचं. खरं कारण खर्च कमी करणं असेल तर "तुमचं काम सोपं व्हावं म्हणून" असं सांगू नका, लोक आकडे वाचतात, आणि एकदा का खोटं पकडलं गेलं की पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

२. कोणाचं काय जातंय ती यादी करा (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात. फायद्यांची यादी प्रत्येकाकडे असते, नुकसानाची कोणाकडेच नसते.

एक कागद घ्या, डाव्या बाजूला माणसांची नावं, डिपार्टमेंटची नाही, माणसांची. समोर लिहा की या बदलाने याचं काय जातंय. पगार, पद हे लगेच दिसतं पण खरा मामला बारीक गोष्टींत असतो. आपल्या उदाहरणात टीममधली सगळ्यात सीनियर बाई घ्या. पंधरा वर्षांच्या तक्रारी तिच्या डोक्यात आणि तिच्या एका एक्सेलमधे आहेत, त्याला रंगांचा कोड आहे, पिवळं म्हणजे "हा ग्राहक दोनदा फोन करतो, लगेच उचला", तो कोड फक्त तिलाच कळतो. दिवसातून दहा वेळा कोणीतरी तिच्या टेबलाशी येऊन "ताई, याचं काय करायचं?" विचारतं. तिकीट सिस्टिम आली की उत्तर सर्च केलं की सापडणार, टेबलाशी कोणी येणार नाही. वर तिला नवीन स्क्रीनवर कालच लागलेल्या पोराइतकाच वेळ लागणार, कदाचित जास्तच, आणि तो सगळ्यांना दिसणार. तुम्ही तिला "ताई, ट्रेनिंगला बसा" म्हणता तेव्हा तिला काय ऐकू येतं याचा विचार करा.

सुपरवायझरचं काय जातं? आत्तापर्यंत किती तक्रारी तुंबल्यात हे वर कोणाला किती सांगायचं ते त्याच्या हातात होतं, आता डॅशबोर्डवर थेट दिसणार. तो मीटिंगमधे सगळ्यात जोरात मान डोलावेल आणि नंतर सगळ्यात हळू चालेल. आणि नवीन पोरांचं? त्यांचं फार काही जात नाही, म्हणून ती उत्साही दिसतात, आणि आपण त्यांनाच "चेंज चॅम्पियन" करून बॅज लावतो. तिथेच सीनियर लोक अंग काढून घेतात.

यादी स्वतःच्या टेबलावर बसून पूर्ण होत नाही. प्रत्येकाशी पंधरा-वीस मिनिटं बसा, एकटं, कॉन्फरन्स रूममधे नको, त्याच्या जागी बसलात तर उत्तम कारण तिथे तो काम दाखवत दाखवत बोलतो. विचारायचे प्रश्न साधे: आत्ताच्या पद्धतीत असं काय आहे जे गेलं तर तुमचं काम अडेल? नवीन पद्धतीत कुठे गडबड होईल असं वाटतं? मागच्या वेळी असं काही आणलं होतं तेव्हा काय झालं? हा तिसरा प्रश्न नक्की विचारा. बऱ्याचदा लोक तुमच्या बदलाला नाही, मागच्या अर्धवट सोडलेल्या बदलाला उत्तर देत असतात. आणि ऐकताना समजावू नका, फक्त लिहून घ्या, आपली बाजू मांडायचा मोह फार होतो.

मग यादीतल्या प्रत्येक नुकसानासमोर तीनपैकी एक लिहा: भरून देता येईल, कमी करता येईल, किंवा जाणारच. सीनियर बाईंचं महत्त्व भरून देता येतं, पण गुळगुळीत शब्दांनी नाही: कुठल्या तक्रारीला किती तातडी द्यायची हे नियम त्यांच्याकडूनच लिहून घ्या, त्यांचं पिवळं-लाल सिस्टिममधे आणा आणि अडलेली तिकिटं शेवटी त्यांच्याकडे जातील असं सेट करा. सुपरवायझरची आकडे झाकायची सोय मात्र जाणारच. जे जाणार ते स्पष्ट सांगा, आडून आडून नको.

३. ढकलण्याआधी अडसर काढा

कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात हे फार नेमकं मांडलं होतं. कुठलीही परिस्थिती आहे तशी टिकते कारण पुढे ढकलणारे आणि मागे धरून ठेवणारे जोर एकमेकांना तोलून धरतात. पुढचा जोर वाढवला, म्हणजे जास्त मेल, जास्त फॉलोअप, जास्त दम, तर हालचाल होते पण ताणही वाढतो. मागचा एखादा जोर काढून घेतला तर ताण न वाढता हालचाल होते. मॅनेजर लोक ऐंशी टक्के ताकद पहिल्या प्रकारात घालवतात असा माझा अंदाज आहे, आकडा मोजलेला नाही.

मागे धरणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा अगदी क्षुल्लक असतात. पासवर्ड दर पंधरवड्याला बदलावा लागतो. तिकीट उघडायला अकरा रकाने भरावे लागतात त्यातले सात कोणी वाचत नाही. फोन कानाला लावून टाइप करता येत नाही, हेडसेट नाहीत. हेडसेट दिले आणि रकाने चारवर आणले की अर्धा "विरोध" संपतो, आणि तुम्ही तोपर्यंत माइंडसेटवर वर्कशॉप बुक केलेलं असतं.

४. ठरवण्यात लोकांना घ्या, पण कशात घेताय ते आधी सांगा

याचा एक जुना आणि मस्त प्रयोग आहे. अमेरिकेत हारवुड नावाच्या पायजमे बनवणाऱ्या कारखान्यात लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी केलेला, १९४८ मधे प्रसिद्ध झाला. कामातला बदल किती छोटा होता बघा: एका गटातले इस्त्रीवाले कामगार आधी कपडे अर्ध्या डझनाच्या गठ्ठ्याने पुठ्ठ्यावर रचायचे, आता ते खोक्यात रचायचे, बस्स. या गटाला बदल नुसता सांगण्यात आला, कारण समजावलं, प्रश्नांना उत्तरंही दिली. तरी पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोकांनी नोकरी सोडली आणि उत्पादन खाली गेलं ते वर आलंच नाही. ज्या गटांत सगळ्यांनी मिळून नवीन पद्धत कशी असावी ते ठरवलं, तिथे त्याच काळात कोणीही सोडून गेलं नाही आणि उत्पादन बदलाच्या आधीपेक्षा साधारण १४ टक्के वर गेलं. खरी गंमत पुढे आहे. अडीच महिन्यांनी त्या पहिल्या, वैतागलेल्या गटातल्या उरलेल्या १३ जणांना दुसरा बदल दिला, या वेळी सहभागी करून, आणि तेही पटकन सावरले. माणसं तीच होती.

आता याचा अर्थ सगळं मतदानाने ठरवायचं असा नाही. तीन रकाने करा आणि पहिल्याच मीटिंगमधे दाखवा: काय ठरलेलं आहे (तिकीट सिस्टिम येणार, तारीख ही), काय तुम्ही ठरवणार (रकाने कोणते, ड्युटी कशी लावायची, तातडीचे नियम), आणि कशावर मत हवंय पण निर्णय माझा. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे निर्णय घेऊन झाल्यावर तोंडदेखलं "तुमचं काय मत?" विचारणं. लोकांना ते दोन मिनिटांत कळतं आणि पुढच्या वेळी खरोखर विचारलंत तरी कोणी तोंड उघडत नाही.

५. मधल्या फळीला आधी सांगा

हे थोडक्यात. टीम लीड, सुपरवायझर यांना टीमच्या आधी, निदान आठवडाभर आधी कळलं पाहिजे, आणि त्यांना रागवायला, शंका काढायला तेवढा वेळ मिळाला पाहिजे. कारण मोठ्या मीटिंगनंतर प्रत्येकजण आपल्या लगेचच्या साहेबाकडे वळून विचारतो "खरंच होणारे का हे?" आणि त्या साहेबाने खांदे उडवले की तुमची पन्नास स्लाइड गेली कामातून.

याशिवाय प्रत्येक ऑफिसात एक-दोन माणसं असतात ज्यांना कुठलंही पद नाही पण सगळे त्यांना विचारून चालतात. त्यांना शोधायचं तर नवीन लागलेल्या माणसाला विचारा की अडलं की कोणाकडे जातोस. जे नाव परत परत येईल त्याच्याशी बोला, त्याला पटवायला नाही, त्याच्या शंका ऐकायला.

६. घोषणा छोटी ठेवा

काय बदलतंय, का, कधीपासून, काय बदलत नाही, काय अजून ठरलेलं नाही आणि ते कधी सांगणार. एवढंच. "काय बदलत नाही" हे सांगायचं मॅनेजर विसरतात आणि त्याचीच भीती सगळ्यात मोठी असते. असं काहीतरी बोला:

"एक तारखेपासून तक्रारी तिकीट सिस्टिमवर. कारण गेल्या वर्षी काही तक्रारी कोणाच्याच यादीत नव्हत्या आणि त्या आपल्याला ग्राहकाकडून कळल्या. कोणाची टीम बदलत नाही, शिफ्ट बदलत नाहीत. पहिला महिना वेग कमी होईल, मला माहितीये, त्या महिन्याचं टार्गेट मी कमी केलंय. इन्सेंटिव्हचं काय ते अजून ठरलं नाही, पंधरा तारखेला सांगतो."

आणि पंधरा तारखेला सांगा, अगदी "अजूनही ठरलं नाही" एवढंच सांगायचं असलं तरी. जुन्या पद्धतीला नावं ठेवू नका. ती पद्धत समोर बसलेल्या लोकांनीच उभी केलीये आणि इतकी वर्षं तिच्यावरच काम चाललंय.

७. छोट्या गटावर करून बघा, पण फक्त हौशी लोकांवर नको

पायलटमधे सगळे टेक्नोसॅव्ही घेतले तर पायलट झकास होतो आणि खरा रोलआउट आपटतो. पाच-सहा जणांत निदान दोन शंकेखोर हवेतच. त्यांनी काढलेल्या खोडींपैकी काही लगेच दुरुस्त करा आणि "हे अमुक यांनी सुचवलं म्हणून बदललं" असं सगळ्यांसमोर सांगा. ज्याच्या सूचनेवरून रकाना बदललाय तो त्या सिस्टिमला सहज शिव्या घालत नाही.

८. घसरण होणार ती धरूनच चाला

नवीन पद्धतीत पहिले काही आठवडे काम हळू होतं, चुका वाढतात. इथे बहुतेक जण माघार घेतात किंवा ओरडायला लागतात. या काळासाठी तीन गोष्टी आधीच ठरवून ठेवा. एक, टार्गेट कमी, लेखी. दोन, रोज दहा मिनिटं उभ्या उभ्या भेटणं, फक्त "काल कुठे अडलं" एवढ्यासाठी, आणि जे सुटण्यासारखं आहे ते त्याच दिवशी सोडवणं. तीन, जुनी पद्धत कधी बंद होणार त्याची तारीख. दोन्ही पद्धती बिनमुदत चालू ठेवल्या की लोकांना दुप्पट काम होतं, आणि मग ते साहजिकच ओळखीचंच काम नीट करतात. जुनं एक्सेल एका तारखेला रीड-ओन्ली करा. बघता येईल, भरता येणार नाही.

इथे कोणीतरी तुम्हाला दुःखाच्या पाच पायऱ्यांचा तो आलेख दाखवेल, नकार, राग वगैरे. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मधे त्या पायऱ्या मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून मांडल्या होत्या, ऑफिसच्या सॉफ्टवेअरसाठी नाही. कोणी चिडला की "हा दुसऱ्या पायरीवर आहे" म्हणून सोडून देऊ नका, कदाचित सिस्टिमच खरोखर बेकार असेल.

९. जे मोजता आणि ज्याचं बक्षीस देता ते बदललं का ते बघा

व्यवस्थापनाचे अभ्यासक स्टीव्हन केर यांनी १९७५ मधेच लिहून ठेवलंय की संस्था बक्षीस एका गोष्टीला देतात आणि आशा दुसऱ्याच गोष्टीची करतात. आपल्या टीममधे सांगायचं "तक्रार मुळापासून सोडवा" आणि महिन्याच्या शेवटी कौतुक कोणाचं, तर ज्याने जास्तीत जास्त तिकिटं बंद केली त्याचं. मग लोक तिकीट बंद करतात, ग्राहक परत फोन करतो, परत नवीन तिकीट, आकडा अजून छान. यात त्यांचं काही चुकत नाही.

तेव्हा अप्रेझलचा फॉर्म, इन्सेंटिव्हचा हिशोब, आठवड्याच्या मीटिंगमधला पहिला प्रश्न, या तीन जागा तपासा. साहेब अजूनही एक्सेलचा प्रिंटआउट मागत असतील तर सिस्टिम कोणी वापरणार नाही. साहेबांनी डॅशबोर्ड उघडूनच प्रश्न विचारायला लागणं हे दहा ट्रेनिंगपेक्षा जास्त काम करतं.

कल्चरबद्दलही माझं म्हणणं इथेच आहे. लोकांचे विचार बदलले की वागणं बदलेल अशी वाट बघू नका, रोजचं काम असं लावा की वेगळं वागणं शक्य होईल. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक प्लांट होता, गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम, १९८२ मधे तो बंद केला. १९८४ मधे टोयोटाबरोबर भागीदारीत तोच प्लांट नुम्मी नावाने सुरू झाला, युनियन तीच, कामगारही बहुतेक जुनेच. फरक असा की आता काही चुकतंय असं दिसलं की कोणत्याही कामगाराने दोरी ओढायची, टीम लीडर मदतीला धावत येणार, नाहीच सुटलं तर लाइन थांबणार, आणि त्याबद्दल कोणी त्याच्यावर ओरडणार नाही. थोड्याच काळात त्या प्लांटची क्वालिटी कंपनीतल्या सगळ्यात चांगल्यांत गणली जायला लागली. पण जनरल मोटर्सला तेच आपल्या बाकीच्या प्लांटमधे नेताना फार जड गेलं, कारण दोरी लावणं सोपं होतं, ती ओढल्यावर साहेबाने कसं वागायचं हे अवघड होतं.

१०. जो ऐकतच नाही त्याचं काय

आधी बघा की त्याला जमत नाहीये, पटत नाहीये की परवडत नाहीये. जमत नसेल तर शेजारी बसून शिकवा, सगळ्यांसमोर नाही. पटत नसेल तर त्याचा मुद्दा लिहून घ्या, बरोबर असेल तर बदला, नसेल तर "तुमचं म्हणणं समजलं, तरी हे असंच करायचंय" म्हणा. परवडत नसेल, म्हणजे बदलाने त्याचं खरंच नुकसान होतंय, तर दुसऱ्या टप्प्यातल्या यादीकडे परत जा.

हे सगळं करूनही कोणी मुद्दाम पाचर मारत असेल तर एकट्यात बोलवा, एक ठरावीक प्रसंग सांगा ("परवा तीन तक्रारी तिकिटाशिवाय गेल्या"), काय हवंय आणि कधीपर्यंत ते सांगा, आणि त्या तारखेला खरंच बघा. यात दिरंगाई केलीत तर ज्यांनी कष्ट करून नवीन पद्धत धरली ते मूर्ख ठरतात. आणि हो, असा माणूस तुमचा सगळ्यात जास्त बिझनेस आणणारा असेल तेव्हाच तुमची परीक्षा असते, बाकीच्यांचे डोळे तिकडेच असतात.

११. काय बघायचं आणि कधी हात काढायचा

"किती जणांनी ट्रेनिंग केलं" हा आकडा निरुपयोगी आहे. तीन गोष्टी बघा: किती तक्रारी सिस्टिमच्या बाहेरून सुटतायत, एकच तक्रार किती वेळा परत येते, आणि नवीन माणूस किती दिवसांत स्वतःहून काम करायला लागतो.

सुरुवातीला तक्रारींचा आकडा वाढलेला दिसेल आणि वरून फोन येईल. अभ्यासक एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधे असंच काहीसं दिसलं होतं, ज्या टीम चांगल्या चालत होत्या त्यांच्याच नोंदींत औषधांच्या चुका जास्त होत्या, कारण तिथे लोक चुका न घाबरता सांगत होते. तुमच्याकडेही आधी ज्या तक्रारी कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपमधे विरून जायच्या त्या आता मोजल्या जातायत. हे वरच्यांच्या कानावर रोलआउटच्या आधीच घाला, नंतर सांगितलं की सबब वाटते.

रोजची दहा मिनिटांची भेट कधी बंद करायची? तुम्ही आठवडाभर रजेवर जा, कोणाला काही खास सूचना न देता. परत आल्यावर त्या आठवड्याची तिकिटं उघडून बघा, खास करून ज्या दिवशी लोड जास्त होता त्या दिवसाची, कारण गडबडीतच हात जुन्या सवयीकडे जातो. तिथेही तिकीट आधी आणि उत्तर नंतर असेल तर भेट आठवड्यातून एकदा करा, महिन्याभराने बंद. नसेल तर कोण चुकलं ते शोधत बसू नका, त्या दिवशी कुठला रकाना, कुठली स्क्रीन किंवा कोणाचा फोन आडवा आला ते विचारा आणि तेवढंच दुरुस्त करून अजून दोन आठवडे भेट चालू ठेवा.